बाईंची राखीव हवा

आधी रबराचा वास यायचा. मग वाळलेल्या मिठाचा. आणि त्या दोहोंच्या मागून, दुरून ऐकू येणाऱ्या शिट्टीसारखा बारीक आवाज करत, कसलाच वास नसलेली एक कोरडी, गार हवा खोलीभर पसरायची. महाडचा मे महिना. भिंतींना हात लावला तर त्या घामेजलेल्या लागायच्या, सावित्री नदीवरून निघालेला वारा गल्लीच्या तोंडाशी येऊन बसून राहायचा, आणि अशा संध्याकाळी ती हवा गालाला लागली की घराच्या भिंतीत आजवर न दिसलेली एखादी खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. बाई फरशीवर मांडी घालून बसलेल्या असत. मांडीवर पिवळी बाटली, तान्ह्या मुलाएवढी, पितळी मानेची. तिची चावी त्या इतक्या सावकाश फिरवत की बोटांकडे पाहून काही कळत नसे, आवाजावरूनच कळे.

"डोळे मीट," त्या म्हणायच्या. "मालवणची हवा आहे. जानेवारीतली."

आम्ही दोघी डोळे मिटून बसायचो. बाटली रिकामी होत जाई तशी तिची मान गार पडे आणि पितळेवर दव जमे. शेवटी बाई ते दव बोटाने टिपून माझ्या कपाळाला लावत आणि आमटी गरम करायला उठत.

ही हवा पाण्याखाली श्वास घेण्यासाठी होती. वर्षातून एकदा बाटली आतून तपासायला द्यावी लागे, म्हणून पावसाळ्याआधी तिला असं मोकळं करायचं. बाई स्कूबा डायव्हिंग करत. समुद्राखाली उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची एक मोठी टाकी असते आणि बहुतेक माणसं तेवढ्यावर भागवतात. बाईंच्या कुशीला मात्र ही दुसरी, लहान बाटली टांगलेली असे. तिची चावी वेगळी, नळी वेगळी, तोंडात धरायचं रबर वेगळं. मोठ्या टाकीशी तिचं काहीही नातं नाही. टाकी दगा देईल त्या दिवसासाठी ती होती, आणि तसा दिवस बाईंच्या वाट्याला कधी आला नव्हता. तरीही त्या जिथे जिथे उतरायला जात तिथे तिथे ही बाटली महाडहून बरोबर नेत. मोठी टाकी त्या त्या गावी भाड्याने मिळते; आणि भाड्याच्या टाकीचं पूर्वायुष्य आपल्याला ठाऊक नसतं, असं त्या म्हणत. टाकीच्या मानेशी बाहुलीच्या बांगडीएवढी एक रबरी कडी असते. ती जुनी झालेली असेल आणि खाली गेल्यावर फाटली, तर सगळी हवा एका पांढऱ्या उसळीत निघून जाते. हे सांगताना त्या हाताने उसळी दाखवत, आणि मग तोच हात शांतपणे कुशीकडे जाई, जिथे घरात बसल्या असताना काहीच टांगलेलं नसे.

मी त्या कॉलेजात मराठी शिकवायला नवी आले होते. बाई पदार्थविज्ञान शिकवत. चवदार तळ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि वरची खोली त्यांनी मला दिली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन किल्ल्या दिल्या आणि तिसरी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असते असं सांगितलं. मी विचारलं, तिसरी कशाला? त्या म्हणाल्या, "दोन्ही तुझ्याच पर्समध्ये राहणार आहेत. म्हणजे ती एकच किल्ली झाली."

घरातली प्रत्येक गोष्ट या हिशेबाने लावलेली होती. दोन विजेऱ्या, त्यातली एक सेलवर चालणारी आणि दुसरी हाताने फिरवायची. स्वयंपाकघरात गॅस आणि मागच्या दारी चूल, आणि चुलीची लाकडं कधीही न भिजणाऱ्या जागी. मार्चमध्ये तळ्यावर जाणाऱ्या माणसांनी गल्ली निळी-पांढरी होऊन जाई, तेव्हा बाई दारात पाण्याचे दोन माठ मांडत. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. शेजारच्या वहिनींनी एकदा दोन्ही माठ नळाखालीच भरून ठेवले. वहिनींचं मन न दुखवता बाईंनी एक माठ तुळशीत रिता केला आणि घागर घेऊन विहिरीवर गेल्या. उन्हात चालून आलेली एक म्हातारी त्या माठातलं पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, हे पाणी वेगळं लागतं. बाईंचा चेहरा त्या दिवशी दिवसभर उजळलेला होता.

त्यांचं एक वाक्य कॉलेजात सर्वांना पाठ होतं. नक्कल करायला सोपं होतं म्हणून मुलं ते एकमेकांना ऐकवत: "एकाच दोरीला बांधलेले दोन भोपळे म्हणजे एकच भोपळा." त्याचा उगम फार थोड्यांना माहीत होता. मला तो पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या पोटातल्या त्यांच्या वाडीत कळला.

वाडीखाली एक ओढा आहे, आणि सावित्रीला मिळण्याआधी तो एका जागी थबकून डोह होतो. पाणी इतकं हिरवं की त्यात झाडं वाढतात की झाडांत पाणी, हे कडेला बसून ठरवता येत नाही. वाडीतली पोरं तिथे पोहायला शिकत ती पाठीला वाळवलेले भोपळे बांधून. आतून पोकळ झालेले, तपकिरी, वाजवले तर ढोलकीसारखे बोलणारे. एका सुंभाला दोन भोपळे, एक या खांद्यामागे, एक त्या. बाईंना त्यांच्या आत्याने शिकवलं. ही आत्या लग्नानंतर वर्षभरातच माघारी आली होती, भावाच्या शेतात राबत होती आणि वाडीत कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिने लहानग्या बाईंच्या पाठीला दोन भोपळे बांधले, गाठी ओढून पाहिल्या, आणि मग परकराच्या नाडीजवळ एका निराळ्या दोरीने तिसरा, नारळाएवढा छोटा भोपळा बांधला. काठावरच्या बायका हसल्या. एवढ्याशाने काय होणार म्हणाल्या.

आत्या त्यांच्याकडे न बघता पोरीला म्हणाली, "ह्यो पवायचा नाय गो. ह्यो माघारी येयाचा हाय."

"तो कधी लागला का?" मी विचारलं. आम्ही डोहाच्या कडेला बसलो होतो, पाय पाण्यात. गुडघ्यापाशी मासे येऊन माघारी जात होते.

बाई म्हणाल्या की कधीच नाही. पण बरोबरीच्या मुली काठाकाठाने हातपाय मारत होत्या तेव्हा त्या डोहाच्या मधोमध जाऊन उताण्या पडून आभाळ बघत होत्या, ते त्या छोट्या भोपळ्याच्या जिवावर. वरच्या रानातून एक पान निघालं, फिरत फिरत पाण्यावर उतरलं आणि तिथेच राहिलं.

तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ, ज्याच्याकडे आम्ही जेवायला थांबलो होतो, नाचणीच्या शेतातून वर आला. बाटली त्याने पाहिलेली होती. दर भेटीत नव्याने पाहायचा. शेजारच्या दगडाला टेकवलेल्या बाटलीवर त्याने टिचकी मारली. "ताई, ह्यात मावतंय ते काय? ही कितीशी पुरनार गो?"

"वर आले की सांगेन," बाई म्हणाल्या.

हे उत्तर मी पुढे अनेकदा ऐकलं. मला आधी ते टाळाटाळीचं वाटलं होतं. नंतर उमगलं की ती पदार्थविज्ञानाच्या शिक्षिकेची सचोटी होती. गणिताने त्यांना उत्तर माहीत होतं, ते फळ्यावर मांडूनही दाखवलं असतं. पण जे प्रत्यक्ष करून पाहिलं नाही ते "पुरते" असं म्हणायला त्यांची जीभ वळत नसे.

समुद्राखाली त्या पहिल्यांदा गेल्या त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्टाफच्या सहलीत. पर्यटकांना नेतात तसं त्यांना नेलं होतं. मागून एक मुलगा मान धरतो, तोच चाव्या फिरवतो, तोच वर आणतो, आणि आपण रंगीत मासे पाहून खूश व्हायचं. बाकी सगळे वर येऊन भरभरून बोलत होते. परतीच्या बसमध्ये बाईंनी शेजारणीला इतकंच सांगितलं की माझ्या श्वासाची चावी सगळा वेळ दुसऱ्याच्या हातात होती. पुढच्या सुटीत त्या एकट्या गेल्या आणि रीतसर शिकून आल्या. शिकवणारी पोरं त्यांना आधी "आजी" म्हणायची. काही दिवसांनी "बाई" म्हणू लागली आणि त्यांच्यासमोर सिगारेट विझवू लागली.

बाटली त्यानंतरच्या हिवाळ्यात आली. तिच्यासाठी बाईंनी जुन्या इरकलीची, आत कापूस घातलेली पिशवी शिवली होती. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर त्या पायरीवर बसत, बाटलीचं तोंडात धरायचं रबर मऊ दोरीने गळ्यात अडकवलेलं असे, आणि डोळे मिटून त्या हात पसरत, थांबत, आणि एका हालचालीत ते रबर शोधून ओठांशी आणत. पुन्हा हात पसरायचे, पुन्हा आणायचे. गल्लीतल्या लोकांना ते एखादं व्रत वाटे. मी वरच्या खिडकीतून बघत असे, वह्या तपासता तपासता, आणि कधी कधी माझाच हात नकळत गळ्यापाशी जाई.

स्टाफरूममध्ये याची थट्टा होई. आमचे उपप्राचार्य एकदा चहा ढवळत म्हणाले होते की बाई, पाण्याखाली नेहमी दोघं जातात म्हणे, मग जोडीदाराची हवा घ्यायची की. जोडीदार या गोष्टीवरच तुमचा विश्वास नाही, इथेही नाही आणि तिथेही. बाई अविवाहित होत्या. टोला कुठे होता ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. बाईंनी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटायच्या आत बाहेर काढलं.

"जोडीदार चांगलाच असतो हो सर," त्या म्हणाल्या. "फक्त आपल्याला गरज लागते तेव्हा तो मासे बघत असतो."

प्रवास हे या बाटलीचं खरं दुखणं. आपल्याकडे एसटीत गॅसची टाकी चालत नाही, आणि पितळी मानेची कुठलीही गोष्ट कंडक्टरला गॅसची टाकी दिसते. महाडच्या स्टँडवर मालवणच्या गाडीत मी त्यांना बसवून द्यायला गेले होते तेव्हा हा खटला माझ्यासमोर चालला. बाईंनी सांगितलं की ही हवा आहे. कंडक्टरने उघड्या खिडक्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, हवा तर चिक्कार हाय की. बाई म्हणाल्या, ही पाण्याखालची. त्याने थोडा विचार केला. वरची हवा खाली नेणार, आणि वापरली नाही तर? परत वर आणणार, बाई म्हणाल्या. त्याने बाईंच्या मांडीवरच्या इरकली पोटलीकडे पाहिलं, तिच्याभोवतीच्या हाताकडे पाहिलं, आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हिचा हाफ काढू काय?"

"काढा," बाई म्हणाल्या, तितक्याच गंभीरपणे. त्याने खरोखर काढला. पुढे त्या मार्गावरचे कंडक्टर विचारेनासे झाले. पोटली दिसली की दीड तिकीट फाडत.

विमानाची गोष्ट अशी सुटली नाही. अंदमानचं पाणी बाईंनी कित्येक वर्षं मनात जपलं होतं; तिथे पाण्यात उभं राहिलं की स्वतःच्या पायांची सावली खाली वाळूवर दिसते, असं त्या सांगत, जणू जाऊन आल्या आहेत. विमानात भरलेली बाटली नेता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती मोकळी केली. मानेचा भाग त्यांनी उलगडून वेगळा काढला, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही वाकून पाहता यावं. माझ्या कपाळाला दव लावलं. सकाळी त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर स्वयंपाकघरात त्या भात लावत होत्या. पोटली ओट्यावर. विमानतळावरच्या माणसाने बाटली नको म्हटलं होतं. त्याने वाकून आत पाहिलं होतं, तिथे नुसता अंधार होता हेही मान्य केलं होतं, पण नको ते नकोच. बाटली मागे ठेवून जा, तिकडे मोठ्या टाक्या हव्या तेवढ्या मिळतात, असं त्याने चांगुलपणाने सुचवलंही. बाईंनी त्याचे आभार मानले, सामान परत घेतलं आणि महाडची गाडी पकडली.

गावभर हसू झालं. अंदमानला निघालेली बाई रिकाम्या बाटलीपायी घरी आली. मला स्वतःला ते खुळं वाटलं होतं, आणि भात वाढताना मी ते बोलून दाखवलं. इतकी वर्षं लागली नाही, एकदा नसती तर काय झालं असतं?

बाईंनी ताटाभोवती पाणी फिरवलं. "काही झालं नसतं बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण मी काठाकाठानेच पोहून आले असते."

मी हे सगळं थोड्या अलिप्त कौतुकाने पाहत होते, जसं आपण आवडत्या माणसाचं वेड पाहतो. ती अलिप्तता आंबेनळीत संपली. मला लहानपणापासून दमा आहे. पावसाळा सरता सरता, गौरीसाठी आम्ही दोघी बाईंच्या भावाकडे निघालो होतो. घाटात धुकं इतकं दाट होतं की बसच्या काचेपलीकडे जग उरलंच नव्हतं; ओल्या शेवाळाचा आणि तापलेल्या ब्रेकचा वास आत येत होता. एका वळणावर माझी छाती भरून आली. मी पर्स शोधली. पर्स नव्हती. महाडच्या स्टँडवर चहा घेताना बाकावर ठेवली ती तिथेच राहिली होती, आणि दम्याचे दोन्ही फवारे तिच्यात होते. दोन. मी शहाण्यासारखे दोन ठेवत असे, एकाच कप्प्यात.

दमा आला की आधी आवाज जातात. इंजिन दूर गेलं. कुणाचं तरी मूल रडत होतं, ते पाण्याखालून रडल्यासारखं ऐकू आलं. मला सांगायचं होतं आणि सांगायला लागणारी हवाच माझ्यापाशी नव्हती. मग बाईंचा तळहात माझ्या पाठीवर आला, आणि दुसरा हात, न चाचपडता, एका हालचालीत, त्यांच्या कमरेच्या कापडी बटव्याकडे गेला आणि माझ्या ओठांशी आला. निळा फवारा. माझ्याच औषधाचा.

खूप वेळाने, धुक्याला झाडांचे आकार येऊ लागले तेव्हा, मी विचारलं की हा तुमच्याकडे कधीपासून आहे. तू वर राहायला आलीस त्या आठवड्यापासून, त्या म्हणाल्या. तारीख उलटली की बदलत होते. आणि पुढे, खिडकीबाहेर बघत, वाडी जवळ आली की त्यांची भाषा बदलायची तशा बदललेल्या भाषेत म्हणाल्या, "तुजी दोरी निराळी नको काय गो?"

त्या दिवसानंतर मी त्यांना कधी काही विचारलं नाही. पण मनात एक भीती येऊन राहिली, आणि ती भावाच्याच प्रश्नाची होती. ज्या माणसाने माझा श्वास कमरेला बांधून नेला, त्याच्या स्वतःच्या वाट्याला एवढीशी पिवळी बाटली. ती कितीशी पुरणार?

पुढच्या फेब्रुवारीत त्या मला मालवणला घेऊन गेल्या. दम्याच्या माणसाने खाली उतरायचं नाही, हा त्यांचाच दंडक, म्हणून मी होडीवर राहणार होते. मी हिरमुसले तर म्हणाल्या, वर वाचणारं कुणीतरी लागतंच, आणि तू मराठीची आहेस. वाचायचे होते बुडबुडे. खाली माणूस श्वास सोडतो, तो वर येता येता मोठा होत जातो आणि पाण्यावर फुलतो. दोन माणसं, दोन माळा. माळ हलली म्हणजे माणूस चालला. माळ वर वर येऊन एका जागी थांबली तर घाबरायचं नाही. वर येताना पाण्याच्या तोंडाशी काही मिनिटं थबकावंच लागतं, खोल पाण्यात अंगात मुरलेली हवा तेवढ्या वेळात हळूहळू सुटते. घाईने आलं तर ती आत इजा करते.

नेहमीच्या पर्यटकांच्या जागेपलीकडे, बाहेरच्या समुद्रात एक बुडालेला खडक होता. होडी चालवणारा तांडेल चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला, विड्या ओढून आवाज घोगरा झालेला. बाईंच्या बरोबर उतरणारा जोडीदार त्याच गावचा, शिकवणाऱ्या पोरांपैकी. नांगर टाकल्यावर तांडेलाने दोन्ही हात पसरून दाखवले. एवढं एक वाव, आणि खाली बारा वाव पाणी. मग बाई कुशीला बाटली अडकवत होत्या तिकडे पाहून तो हसला. "ही एवढीशी? कितीशी पुरतली ती?"

"वर आले की सांगते," बाई म्हणाल्या. मास्क डोळ्यांवर ओढला, एक हात त्यावर ठेवला आणि मागच्या मागे पाण्यात गेल्या.

समुद्र काचेसारखा होता. होडी इतकी हलकी डुलत होती की तिचं डुलणं डोळे मिटल्यावरच कळे. दोन माळा शेजारी शेजारी उमलत होत्या, आणि मी त्या वाचत होते. एक सावकाश, मोठ्या अंतराने, चांगल्या वृत्तातल्या ओळीसारखी, ती बाईंची. दुसरी घाईची, तरुण. उन्हात मीठ तडकल्याचा वास येत होता. मग घाईची माळ वळली आणि खडकाच्या दुसऱ्या बाजूला चालू लागली. तांडेल म्हणाला, काहीतरी मोठा मासा दिसला असेल त्याला. माळ दूर गेली, आणखी दूर. बाईंची माळ जागच्या जागी होती.

आणि मग तिथला समुद्र उकळला. पांढरा, फसफसणारा, परातीएवढा आणि लगेच अंगणाएवढा. होडीच्या फळ्यांना तो खालून गुदगुल्या करत गेला. तांडेल उभा राहिला. काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाहुलीच्या बांगडीएवढी ती रबरी कडी मला माहीत होती, आणि बाईंनी हाताने दाखवलेली उसळीही. पाणी थोडा वेळ खदखदलं आणि बसलं. शेवटचे काही बुडबुडे फुटले. त्यानंतर तिथे एकही माळ नव्हती. निळं, सपाट, काही न लिहिलेलं पाणी.

मी डोळे मिटले. मला पायरी दिसली, संध्याकाळ, पसरलेले हात. माझा हात गळ्याशी गेला होता.

उघडले तेव्हा पाण्यावर एक बुडबुडा होता. मग दुसरा. बारीक, पण अंतर तेच, सावकाश. मी तांडेलाचा दंड धरला आणि बोटाने दाखवलं. माळ नांगराच्या दोरीकडे सरकत होती, आणि प्रत्येक फुलाबरोबर थोडी थोडी जवळ येत होती. दुसरी माळ अजून तिकडे दूर, तिला काही पत्ताच नव्हता. बाईंची माळ दोरीपाशी आली. खाली हिरव्यात एक काळसर आकार उमटला. आणि तिथे, हात घालावा इतक्या जवळ, ती थांबली.

तांडेलाने सदरा काढला. तो उडी घेणार होता, ओढून वर काढणार होता. मी त्याचा हात सोडला नाही. त्या थांब्यावर उभ्या आहेत, मी म्हटलं; आपण ओढलं तर इजा होईल.

"आणि हवा सरली तर?" तो म्हणाला.

उत्तर फक्त खाली होतं, एवढ्याशा पिवळ्या धातूच्या पोटात, आणि ते श्वासाश्वासाने कमी होत होतं. त्या बाटलीतली हवा वर येण्यासाठी होती, थांबण्यासाठी नव्हती. तरी त्या थांबल्या होत्या, कारण वर यायचं ते नीट यायचं. माझीच छाती आवळू लागली. मी कमरेच्या बटव्यातला फवारा काढला. हल्ली मीही तो तिथेच बांधत असे. तो ओढून मी त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागले. माळ फुटली की सोडायचा, मग थांबायचं, मग घ्यायचा. एकदा मध्ये अंतर फार पडलं. पाण्यावर काहीच आलं नाही. तांडेल काहीतरी पुटपुटला, देवाचं नाव असावं. मी श्वास धरून राहिले.

मग एक बुडबुडा आला, एकटाच, मोठा, आणि त्याच्या मागोमाग दोरीवर एक हात.

बाईंचं डोकं पाण्याबाहेर आलं. ओठांचा रंग उडाला होता. छोट्या बाटलीचं रबर त्यांनी तोंडातून काढलं, मास्क गळ्यात ओढला, आणि उघड्या आभाळाखालची हवा त्यांनी एकदा, सावकाश, आत घेतली. वारा माझ्या दिशेने होता. आधी रबराचा वास आला, मग मिठाचा.

"इली," तांडेल म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ओल्या पापण्यांतून त्या मला शोधत होत्या. सापडल्यावर त्यांनी एका हाताने पिवळी बाटली पाण्यावर धरली, वर्गात एखादी वस्तू दाखवावी तशी, आणि प्रयोग तडीस गेल्यावरच्या शांत, थोड्या नवलाच्या आवाजात मला म्हणाल्या,

"पुरली."